मुंबईच्या खाडीवर बदकांचे फोटो: सूर्य, वारा आणि भरती

मुलुंडहून आलेला प्रश्न थोडक्यात असा: दर रविवारी पहाटे खाडीकाठच्या भांडुप पंपिंग स्टेशनला जातो. क्रॉप सेन्सरचा कॅमेरा आहे, १५०-६०० एमएमची झूम लेन्स आहे. तरी बदकं काळपट येतात, पाणी पांढरंफटक येतं, निम्म्याहून जास्त फोटोंत बदक पाठमोरं असतं आणि जे जवळून मिळतात ते गच्चीवरून काढल्यासारखे दिसतात. आता मोठ्या अपर्चरची महागडी लेन्स घेण्याला पर्याय नाही का?

लेन्स घेऊ नका. तुमच्याकडे आहे ती लेन्स बदकांसाठी पुरेशी आहे. तुमच्या चारही तक्रारींचं कारण तुम्ही कुठे, किती वाजता आणि किती उंचीवर असता यात आहे, आणि त्यातलं बरंचसं घरी बसून नकाशा आणि पंचांग बघून सोडवता येतं.

आधी नकाशा बघा. ठाणे खाडी साधारण उत्तर-दक्षिण पसरली आहे. मुलुंड, भांडुप, विक्रोळी आणि खाली शिवडी हा तिचा पश्चिम काठ. ऐरोली, वाशी, नेरूळ हा पूर्व काठ. भांडुपला सकाळी खाडीकडे तोंड करून उभं राहिलं की तुम्ही पूर्वेला बघत असता. सूर्य थेट समोर, त्याचा सगळा उजेड पाण्यावरून परावर्तित होऊन लेन्समध्ये, आणि बदकाची तुमच्याकडची बाजू सावलीत. अशा वेळी जगातला कुठलाही कॅमेरा काळं बदक आणि पांढरं पाणीच देणार. दहा लाखांची लेन्स लावली तरी सावलीतली बाजू सावलीतच राहते.

आता वारा. पाण्यावर बसलेलं बदक शक्य तोवर वाऱ्याकडे तोंड करून बसतं. मागून वारा आला तर पिसं उलटी उचलली जातात, अंगातली ऊब जाते. पाण्यावरून उठतानाही ते वाऱ्याकडे तोंड करून उठतं आणि उतरतानाही तसंच उतरतं. मुंबईत हिवाळ्याच्या सकाळी जो काही वारा असतो तो जमिनीकडून समुद्राकडे, म्हणजे पूर्वेकडून किंवा ईशान्येकडून येतो. तुम्ही पश्चिम काठावर, वारा समोरून तुमच्या तोंडावर, आणि तुमच्या आणि वाऱ्याच्या मधे बदकं. ती पूर्वेकडेच तोंड करणार, तुम्हाला शेपट्या दिसणार. दुपारी बारा-एकनंतर चित्र उलटतं. समुद्रावरचा वारा पश्चिम-वायव्येकडून सुटतो आणि संध्याकाळपर्यंत टिकतो. सूर्यही तोवर पश्चिमेला गेलेला असतो.

म्हणजे हिशोब सरळ आहे. सकाळी नवी मुंबईचा काठ धरा: ऐरोली, किंवा नेरूळला टी. एस. चाणक्य या नौवहन प्रशिक्षण संस्थेच्या मागची आणि एनआरआय संकुलालगतची पाणथळ. तिथे सूर्य पाठीशी आणि वाराही पाठीशी. भांडुपला किंवा शिवडीला जायचं तर दुपारी साडेतीननंतर जा, जानेवारीत सव्वासहाच्या सुमारास सूर्य मावळेपर्यंत थांबा. एकाच खाडीवरची, एकाच थव्यातली बदकं या एका बदलाने वेगळी दिसतील. ऐन पहाटे वारा पडलेला असेल तर बदकं कुठेही तोंड करतात. तेव्हा फक्त सूर्याचा विचार पुरतो. आतल्या तळ्यांना काठाने फिरता येत असेल तर तळ्याची योग्य बाजू निवडा, रस्ता जिथून लागतो ती बाजू आपोआप धरू नका. आणि हो, या जागांच्या प्रवेशाचे नियम बदलत असतात. ठाणे खाडी २०१५ पासून फ्लेमिंगो अभयारण्य आहे आणि २०२२ पासून रामसर स्थळही. निघण्याआधी वन विभागाच्या कांदळवन कक्षाकडे चौकशी करून परवानगी घ्या, कुंपणाच्या फटीतून शिरू नका.

भरतीकडे मुंबईतले बहुतेक फोटोग्राफर फ्लेमिंगोपुरतं बघतात, बदकांसाठी ती तितकीच महत्त्वाची आहे. ओहोटीला खाडीतला चिखल उघडा पडतो आणि थापट्या, तलवार बदक, चक्रांग ही बदकं दूर चिखलाच्या कडेला चरायला जातात. तिथे ती ठिपक्यांएवढी दिसतात. भरतीचं पाणी चढू लागलं की चिखल बुडतो आणि बदकं काठाकडे, तिवरांच्या आडोशाला, आतल्या तळ्यांत आणि मिठागरांच्या कोंड्यांत, म्हणजे पाणी अडवलेल्या वाफ्यांत, येऊन बसतात. तुम्हाला हवी ती वेळ म्हणजे पूर्ण भरतीच्या आधीचा तास-दीड तास आणि नंतरचा तासभर. पाणी चढताना तुम्ही आधीच जागेवर बसलेले असाल तर बदकं स्वतःहून तुमच्याकडे सरकत येतात. हे तुम्हाला पाठलाग करून कधीच मिळणार नाही.

कोकणात कोळी आणि खलाशी भरतीची वेळ तिथीवरून काढतात: तिथीच्या आकड्याची पाऊणपट करा, तितक्या वाजता पूर्ण भरती. अष्टमीला सहा, दशमीला साडेसात, एकादशीला सव्वाआठ, द्वादशीला नऊ, त्रयोदशीला पावणेदहा, आणि पौर्णिमा-अमावस्येला बाराच्या आसपास. ही ढोबळ वेळ आहे. नेमकी वेळ आणि उंची भरतीच्या तक्त्यात मिळते, पण तो तक्ता अपोलो बंदरचा असतो आणि ऐरोली-भांडुपपर्यंत पाणी पोचायला थोडा उशीर लागतो, तेवढी सोय ठेवा.

आता यात गंमत अशी की पौर्णिमा-अमावस्येच्या उधाणाला पाणी सर्वांत जास्त चढतं, चार-साडेचार मीटरपर्यंत, पण ते चढतं ऐन दुपारी, जेव्हा उजेड डोक्यावर असतो. अष्टमीच्या भांगाला, म्हणजे पाणी सर्वांत कमी चढतं तेव्हा, भरती सकाळी उजाडण्याच्या सुमारास येते, पण ती सव्वातीन मीटरच्या आसपासच, चिखल पुरता बुडत नाही आणि बदकं दूरच राहतात. मधले दिवस फोटोसाठी सर्वांत चांगले: शुद्ध किंवा वद्य दशमी ते त्रयोदशी. पाणी पुरेसं चढतं आणि ते सकाळी साडेसात ते पावणेदहाच्या दरम्यान चढतं. जानेवारीत मुंबईत सूर्य सव्वासातच्या सुमारास उगवतो, म्हणजे उत्तम उजेड आणि चढतं पाणी एकत्र मिळतं. दुपारच्या भांडुपसाठी हाच हिशोब पुढे न्या: पंचमी-षष्ठीला भरती पावणेचार-साडेचारला. दर रविवारी जाण्याऐवजी महिन्यातले हे दिवस बघून त्यात बसेल तो रविवार पकडा. एखादी रजा टाकावी लागली तर ती याच दिवसांत टाका.

गच्चीवरून काढल्यासारखे फोटो येण्याचं कारण तुम्ही बांधावर उभे असता. हे आकड्यांत बघा म्हणजे पटेल. बांध पाण्यापासून दीड मीटर उंच, उभं राहिल्यावर कॅमेरा आणखी दीड मीटर वर. वीस मीटरवरच्या बदकाकडे तुम्ही साडेआठ अंश खाली बघता. त्याच बांधावर आडवे झालात तर कोन पाच अंशांच्या खाली येतो. आडवे राहून चाळीस मीटरवरचं बदक टिपलंत तर अडीच अंश. म्हणजे जिथे पाण्यालगत उतरता येत नाही तिथे जवळ जाण्याचा मोह सोडा. तुमची ६०० एमएमची बाजू नेमकी इथे कामाला येते: लांबचं बदक लांब लेन्सने घेतलं की ते समोरासमोर दिसतं, त्याची मान आणि छाती पाण्याच्या रेषेवर उभी राहते. आणि कोन जितका खाली तितकी बदकामागची पार्श्वभूमी दूर जाते. वरून बघितलं तर बदकामागे एक हातभर पाणीच असतं, त्यावरची प्रत्येक लाट, प्रत्येक तरंगतं पान फोकसमध्ये येतं. पाण्याच्या पातळीवरून बघितलं तर मागे थेट पलीकडची तिवरं येतात, शे-दोनशे मीटरवरची, आणि ती विरघळून एकसंध रंग होतात. अपर्चर एफ ६.३ असतानाच. त्यासाठी मोठ्या अपर्चरच्या एफ ४ ची गरज नाही.

खाली ठेवायला महागडी साधनं लागत नाहीत. जुना सपाट तवा घ्या, कान काढून टाका, त्यात राजमा किंवा तांदूळ भरलेली पिशवी ठेवा आणि तिच्यावर लेन्स टेकवा. ओल्या मातीवर तो रुतत नाही आणि ढकलला की सरकतो. कॅमेऱ्याची मागची स्क्रीन वर उघडत असेल तर मान मोडून व्ह्यूफाइंडरला डोळा लावायची गरज नाही. खाली ताडपत्रीचा तुकडा, अंगावर मळखाऊ रंगाचे पूर्ण बाह्यांचे कपडे, ओडोमॉस विसरू नका. बांधावर आडवं होण्याआधी जागा नीट बघून घ्या. काचा असतात, लाल मुंग्या असतात, गवतात साप असू शकतो. मिठागरांचे बांध जेमतेम फूटभर उंचीचे असतात आणि पाणी उथळ, त्यामुळे रीतसर परवानगी मिळाली तर कमी उंचीसाठी त्यांच्यासारखी जागा नाही. मात्र खाडीच्या चिखलात पाय घालू नका. वरून घट्ट दिसणारा गाळ मांडीपर्यंत आत घेतो, आणि चढत्या पाण्यात अडकलेल्या माणसाला काठावरून पटकन ओढून काढता येत नाही. पवईलाही पाण्याच्या अगदी कडेला आडवं होऊ नका, त्या तलावात मगरी आहेत.

पाठमोऱ्या फोटोंचं दुसरं कारण तुम्ही स्वतः आहात, आणि हे मी दोष म्हणून सांगत नाही. बांधावरून चालत जाणाऱ्या कुणालाही हेच मिळतं. बदक माणसाला बघून लगेच उडत नाही. आधी ते चरायचं थांबतं. मग मान ताठ उभी करतं. मग शेजारचीही माना वर काढतात आणि विखुरलेला गट एकमेकांजवळ सरकतो. मग सगळी शांतपणे तुमच्यापासून लांब पोहू लागतात. या टप्प्यावर फोटो काढत राहिलात तर ताठ मानेची, घाबरलेली, दूर जाणारी बदकंच मिळतील. त्यानंतर डोकी वरखाली झटकू लागली तर पुढच्या काही सेकंदांत थवा उडणार. मान ताठ झालेली दिसली की तिथेच थांबा, शक्य तर दोन पावलं मागे जा आणि बसून राहा. माना पुन्हा खाली गेल्या, चोची पाण्यात गेल्या, की मगच कॅमेरा उचला. हिवाळाभर ही बदकं परतीच्या प्रवासासाठी अंगात चरबी साठवत असतात. एकेक उड्डाण त्यातून खर्च होतं. उडणाऱ्या थव्याच्या फोटोसाठी त्यांना मुद्दाम उठवणं, टाळ्या वाजवणं, खडा मारणं हे प्रकार मी स्वतःसमोर होऊ देत नाही, तुम्हीही होऊ देऊ नका.

सर्वांत चांगली पद्धत म्हणजे अंधारात पोचून बसणं. उजाडण्याच्या आधी अर्धा तास जागेवर आडवे व्हा, मोबाइलची स्क्रीन बंद, बोलणं बंद. उजेड होईपर्यंत तुम्ही त्या काठाचा भाग झालेले असता. टिबुकल्या आणि वारकरी हे पाणपक्षी सर्वांत आधी जवळ येतात. ते निर्धास्त चरताना दिसले की मागून बदकंही सरकतात. उरणकडच्या रस्त्यांवर गाडीतून काम करता येतं. खिडकीवर तांदळाची पिशवी ठेवा, इंजिन बंद करा म्हणजे थरथर जाते, आणि दार उघडू नका. गाडीला न बुजणारी बदकं माणसाचा उभा आकार दिसताच मान वर करतात.

एक्स्पोजरबद्दल थोडं सविस्तर सांगतो, कारण नर थापट्याइतका कठीण पक्षी या बाबतीत दुसरा नाही. डोकं इतकं गडद हिरवं की काळंच वाटतं, आणि त्याला लागून छाती शुभ्र पांढरी. कॅमेरा मागचं गडद पाणी बघून फोटो उजळ करतो आणि छाती जळून जाते. जळालेल्या पांढऱ्यातली पिसं नंतर कुठल्याही सॉफ्टवेअरमध्ये परत येत नाहीत. उलट धुरकट आकाशाचं प्रतिबिंब पडलेल्या फिकट पाण्यावर हळदीकुंकू बदक असेल तर कॅमेरा सगळंच गडद करतो आणि तपकिरी बदक काळा गोळा होतं. म्हणून ऑटोवर विसंबू नका. मुंबईच्या प्रत्येक पाणथळीवर बगळा असतोच. तुमच्या बदकांवर ज्या दिशेने ऊन पडतंय त्याच उन्हातला पांढरा बगळा शोधा. मॅन्युअल मोडमध्ये त्याचे फोटो घेत एक्स्पोजर वाढवत न्या, जोवर त्याच्या पाठीवर हायलाइटचा इशारा लुकलुकू लागत नाही तोवर. मग एक-तृतीयांश स्टॉप खाली या आणि तिथेच सोडा. आता त्या उन्हातलं कुठलंही बदक, काळं असो की पांढरं, मागचं पाणी कसंही असो, बरोबर येईल. सूर्य चढेल तसं दर पंधरावीस मिनिटांनी बगळ्यावर परत तपासा. सुरुवात कुठून करायची म्हणाल तर सूर्योदयानंतर तासाभराने, स्वच्छ उन्हात, एफ ६.३, १/२००० सेकंद आणि आयएसओ ८०० च्या आसपास. ढग असतील तर आयएसओ दुप्पट-चौपट करायला कचरू नका.

उन्हाची दिशा डोक्याच्या रंगासाठीही महत्त्वाची आहे. थापट्याच्या डोक्याचा हिरवा किंवा हळदीकुंकूच्या पंखावरचा हिरवा पट्टा हा पिसांच्या बारीक रचनेवरून उजेड परतून तयार होतो. सूर्य तुमच्या पाठीशी असेल आणि बदकाने डोकं योग्य कोनात वळवलं तरच तो पेटतो, एरवी काळा किंवा जांभळट दिसतो. डोळ्याचंही तसंच. नर थापट्याचा डोळा पिवळा असल्यामुळे गडद डोक्यातही उठून दिसतो, पण हळदीकुंकूचा आणि तलवार बदकाचा डोळा गडद असतो. त्यात उजेडाचा ठिपका नसेल तर पक्षी निर्जीव वाटतो. डोकं किंचित तुमच्याकडे वळेपर्यंत थांबा. ठिपका दिसला की शटर दाबा, त्याआधीचे फोटो पुसून टाकण्यातच जातात.

पाण्याचा रंग तुम्ही निवडू शकता, हे अनेकांच्या लक्षात येत नाही. खालून बघितल्यावर पाणी स्वतःचा रंग दाखवत नाही, पलीकडच्या काठाचा दाखवतं. पलीकडे सकाळचं ऊन पडलेली तिवरं असतील तर पाणी सोनेरी हिरवं होतं. पलीकडे मोकळं आकाश असेल तर पांढरट. उंच इमारतींच्या काचांवर ऊन पडलेलं असेल तर पाण्यात तांबूस पट्टे उमटतात, आणि तलवार बदकाच्या करड्या अंगाला ते फार सुंदर दिसतात. काठावरून दहा पावलं डावी-उजवीकडे सरकून बघा, रंग बदलतो. पोलरायझर फिल्टर लावू नका. तो हेच प्रतिबिंब खातो आणि वर दीड-दोन स्टॉप उजेडही. आणि फ्रेममध्ये खाली जागा सोडा. बदकाचं प्रतिबिंब मधेच कापलं गेलं की फोटो तुटका वाटतो.

हिवाळ्यात मुंबईवर धुरकं साचतं आणि साडेनऊनंतर तापलेल्या चिखलावरून हवा हलू लागते. त्या हवेतून साठ-सत्तर मीटरवरच्या पक्ष्याची पिसं कधीच टोकदार येत नाहीत. लोक लेन्सला दोष देतात, सर्व्हिस सेंटरला पाठवतात. तीच लेन्स साडेसातला तपासा. लेन्सची लांबी वाढवणाऱ्या टेलिकन्व्हर्टरने तर ती हलणारी हवाच मोठी दिसते.

शटर स्पीड बदक काय करतंय त्यावर ठरवा. संथ पोहणाऱ्याला १/६४० पुरतो. पण मी सहसा १/२००० वरच असतो, कारण उत्तम क्षण आला की स्पीड बदलायला वेळ नसतो. बदकाचा तो क्षण सांगून येत नाही असं वाटलं तरी प्रत्यक्षात तो सांगून येतो. ते बदक आंघोळीला लागलं की बघत राहा. डोकं वारंवार पाण्यात बुडवून पाणी पाठीवर घेतं, मग चोचीने छाती, पंखाखालची पिसं विंचरतं, शेपटीच्या मुळाशी असलेल्या ग्रंथीतलं तेल पिसांना लावतं. हे दोन-चार मिनिटं चालतं. त्यानंतर ते अंग आवळतं, छाती पाण्यातून वर उचलतं आणि जवळजवळ उभं राहून तीन-चार वेळा पंख झटकतं. छाती वर येऊ लागली त्या क्षणी बोट दाबा, पंख उघडल्यावर दाबलंत तर उशीर झाला. आंघोळ सुरू झाली की झूम ६०० वरून ४०० वर आणा, नाहीतर पंखांची टोकं कापली जातील. आणि वारा पाठीशी असेल तर ही सगळी क्रिया तुमच्याकडे तोंड करून होते.

थापट्याचं चरणं बघण्यासारखं असतं. दहा-वीस बदकं एकमेकांच्या शेपटीमागे गोल गोल फिरतात, चोची पाण्यात टेकवून. फिरण्याने ढवळून वर आलेले सूक्ष्म जीव पुढच्याच्या मागून येणारं गाळून घेतं. अडचण ही की डोकी सतत पाण्यात असतात. गोलाच्या तुमच्याकडच्या बाजूवर एकाच बदकावर फोकस धरून ठेवा. काही सेकंदांनी ते चोच वर काढतं, कडांवरून पाणी निथळतं, आणि बाजूने ऊन असेल तर चोचीच्या कडेची कंगव्यासारखी बारीक गाळणी एकेक दात मोजता येईल इतकी स्पष्ट दिसते. हा फोटो उडणाऱ्या थव्यापेक्षा जास्त सांगतो असं माझं ठाम मत आहे.

फोकससाठी डोळा ओळखणारी यंत्रणा असेल तर वापरा, पण पाण्यालगत आडवं असताना पुढच्या लाटांचे शेंडे फोकस चोरतात आणि गडद डोक्यातला गडद डोळा तिला सापडत नाही. अशा वेळी एकच छोटा बिंदू घेऊन तो चोचीच्या मुळाशी ठेवा. वीस मीटरवर ५०० एमएमला एफ ६.३ वर फोकसमध्ये राहणारी खोली अर्धा मीटरही मिळत नाही. जोडी हवी असेल तर दोघंही तुमच्यापासून सारख्याच अंतरावर येईपर्यंत थांबा, अपर्चर एफ ८ करा.

ऐरोलीच्या किनारी व सागरी जैवविविधता केंद्रातून वन विभागाची बोट जाते. बोटीतून कॅमेरा पाण्याच्या जवळ राहतो, ही मोठी सोय. फेऱ्या भरतीवर अवलंबून असतात, वेळ आधी विचारून घ्या. बसताना सूर्याकडे पाठ होईल अशी बाजू मागून घ्या. लेन्स बोटीच्या कडेवर टेकवू नका, इंजिनाची थरथर थेट फोटोत उतरते. हातात धरा, कोपरं अंगाशी, आणि १/२००० च्या खाली जाऊ नका. नावाड्याला आणखी जवळ घ्यायला सांगू नका. घरी आल्यावर लेन्स आधी ओलसर कापडाने पुसा, मग कोरड्या. खारं पाणी सुकून राहिलं की रबराच्या कड्यांत शिरतं.

संगणकावर बदकाच्या फोटोला फार काही लागत नाही. आडवी रेषा नेमकी आडवी करा. बदकाचा डोळा आणि प्रतिबिंबातला डोळा एका उभ्या ओळीत आले की ती बरोबर झाली. पाण्यावर शार्पनिंग लावू नका, फक्त पक्ष्यावर लावा. सकाळचा पिवळेपणा पांढरा करायला जाऊ नका.

राहिलं कोणत्या महिन्यात कोण. हळदीकुंकू आणि अडई बारमाही आहेत, पावसाळ्याच्या शेवटी हळदीकुंकूची पिल्लं आईमागे पोहताना दिसतात. पिल्लांपासून दुप्पट अंतर ठेवा, आई बुजून लांब गेली तर घारी आणि कावळे टपलेलेच असतात. पाहुणी बदकं ऑक्टोबरपासून मोठ्या संख्येने येतात, पण तेव्हा त्यांच्या फोटोंची घाई करू नका. विणीनंतर नरांनी रंगीत पिसं टाकलेली असतात आणि ते माद्यांसारखेच तपकिरी दिसतात. तलवार बदक साधारण डिसेंबरपर्यंत पुन्हा रंगात येतं, थापट्या जानेवारीपर्यंत. म्हणून खरा हंगाम जानेवारीचा मध्य ते फेब्रुवारी अखेर.

अपवाद भुवई बदकाचा. ते सर्वांच्या आधी, पावसाळा सरता सरता येतं आणि नर आपला साधा तपकिरी वेष हिवाळ्याच्या शेवटापर्यंत अंगावर ठेवतो. डोळ्यावरून मानेपर्यंत जाणारी रुंद पांढरी भुवई फेब्रुवारी-मार्चमध्ये पूर्ण दिसू लागते, आणि लगेचच ती उत्तरेला निघून जातात. मुंबईत पूर्ण रंगातला नर मिळायला जेमतेम काही आठवडे असतात. तोवर बहुतेकांनी हंगाम संपला म्हणून कॅमेरे ठेवून दिलेले असतात आणि काठ मोकळे असतात. फेब्रुवारीच्या शेवटापासून मार्चच्या मध्यापर्यंत दशमी ते त्रयोदशी कधी येते ते आत्ताच पंचांगात बघून ठेवा, नेरूळच्या बाजूला जा, आणि मार्चमध्ये ऊन लवकर कडक होतं तेव्हा साडेआठच्या आत काम उरकायचं असं धरून चला.